अंगावरचा पोशाख आणि कमरेचं शिसं



आजचा विषय ऐकून काही जणांनी आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर झाईच्या किनाऱ्यावर येतो आणि पाणबुड्यांच्या पोशाखावर बोलतो, म्हणजे याचं काही बिनसलं की काय! तसं नाही. विषय आमचा नाहीच. मागच्या व्याख्यानानंतर इथलाच एक तरुण आम्हाला गाठून उभा राहिला. पावसाळा संपला की तो मालवणकडे जातो, पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होड्यांवर काम करतो. त्याने विचारलं, "सर, नवा सूट घेतलाय, छान ताणतो, अंगाला एकदम बसतो. पण जुन्या सुटाला लावायचो तेवढंच शिसं लावलं तर खाली जाताच येत नाही. मग मी दोन किलो वाढवलं, तर तळाला गेल्यावर दगडासारखा बसतोय. चूक सुटाची की माझी?"

आम्ही त्याला म्हटलं, बाबा, उत्तर देतो, पण एका वाक्यात देता येणार नाही. कारण त्याच्या प्रश्नात शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो इतिहास अर्धा अमेरिकेत घडला असला तरी अर्धा इथे, या खाडीच्या तोंडाशी, रोज घडतो. तेच आज मांडायचं आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकू. झाईच्या पाण्यात पाणबुडेगिरीची हौस भागणार नाही. आपण खंबातच्या आखाताच्या दाराशी आहोत. भरती-ओहोटीचा फरक मोठा, किनारा उथळ, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की बोर्डीपर्यंत वाळूतून चालत जावं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करायचं म्हणजे गाळ ढवळला जाणारच. हात पुढे केला तर बोटं दिसायची मारामार. मालवण-तारकर्लीचं पाणी निराळं आहे. खडक आहे, प्रवाळ आहे, हिवाळ्यात नजर पोहोचते. म्हणून तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था उभी राहिली आणि म्हणून आपल्याकडची पोरं तिकडे कामाला जातात. पण त्याच पोरांच्या बापांना आणि आजोबांना पाण्यात वस्तू किती बुडवायची आणि किती तरंगवायची, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या येतं आहे. ते गणित कुठे येतं? जाळ्यात.

पाग सगळ्यांनी पाहिला आहे. हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. गोळ्या कमी असतील तर जाळं पाण्यावर हळूहळू उतरतं आणि मासा निसटतो. जास्त असतील तर फेकणाऱ्याचा खांदा जातो आणि जाळं चिखलात रुततं. तरंगत्या जाळ्याला वरच्या दोराला बोये आणि खालच्या दोराला शिसं. डोलीला प्रवाहात तोंड उघडं ठेवून उभं राहायचं असतं, म्हणून वर पिंपं किंवा बोये आणि खाली वजनदार दगड किंवा खुंट. इथल्या एका वयस्क तांडेलांशी आम्ही याबद्दल बोलत होतो. ते म्हणाले, "सर, बोये जास्त झाले की जाळं वर पोहतं, शिसं जास्त झालं की जाळं झोपतं. आपल्याला ते उभं पाहिजे." आम्ही पस्तीस वर्षांत वर्गात जेवढं समतोलाबद्दल बोललो, त्यात एवढं नेमकं वाक्य क्वचितच आलं असेल.

आता यातली जी गंमत आहे ती बघा. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. भिजली की जड होत, आपोआप खाली जात. मग नायलॉन आलं. नायलॉन पाण्यापेक्षा थोडंसंच जड, पाण्याच्या १.१४ पट. ते भिजून फुगत नाही, कुजत नाही, हलकं राहतं. त्यानंतर डोलीसाठी आणि दोरासाठी जे प्लास्टिकचं सूत आलं, पॉलिथिलीन, ते तर पाण्यापेक्षाही हलकं, साधारण ०.९५ पट. म्हणजे जे जाळं स्वतःहून बुडत होतं, ते आता स्वतःहून तरंगायला लागलं. बापाने ज्या जागी जेवढं वजन बांधलं, त्याच जागी मुलाने तेवढंच बांधलं असतं तर जाळं उभं राहिलं नसतं. सूत बदललं, वजन बदलावं लागलं. कुणी परिषद घेतली नाही, पुस्तक लिहिलं नाही. दोन-चार हंगाम चुकत गेले आणि नवं माप हाताला बसलं.

आमच्या तरुण मित्राच्या सुटाचंही अगदी हेच झालं आहे. त्याचं सूत बदललं.

शिसंच का, हाही प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. पाण्यात कुठलीही वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते, हे आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत शिकलेले आहातच. आता हिशोब करा. साधा दगड पाण्याच्या सुमारे २.७ पट जड. एक किलो दगड समुद्रात घातला की जवळजवळ ३८० ग्रॅम गमावतो, कामाला उरतो सहाशे-वीस. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड. एक किलो शिसं फक्त ९० ग्रॅम गमावतं. शिवाय ते मऊ, कमी आचेवर वितळतं, घरच्या घरी साच्यात ओतता येतं. सिंधुदुर्गाच्या पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं परंपरा सांगते. १६६४ साली त्या किल्ल्याचं काम सुरू झालं. समुद्रात काही पक्कं बसवायचं तर शिसं, ही समजूत किती जुनी असेल पाहा.

पण माणसाने स्वतःच्या अंगाला शिसं बांधायला मात्र बऱ्याच उशिरा सुरुवात केली. मन्नारच्या आखातातले मोती काढणारे दगड वापरत. दोराला बांधलेल्या दगडावर पाय ठेवायचा, त्याच्या वजनाने झपकन खाली जायचं, तळाशी पोहोचलं की पाय काढून घ्यायचा आणि वरच्या माणसाने दगड ओढून घ्यायचा. काम झालं की पाणबुडा मोकळा, हलका, वर येणारा. म्हणजे वजन फक्त उतरण्यापुरतं. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे यांच्या तांब्याच्या टोपाचा पोशाख आला, त्यात शिशाचे तळवे असलेले बूट आणि छातीवर शिशाचे गठ्ठे. तो माणूस समुद्राच्या तळावर चालायचा. तरंगायचं त्याला नव्हतंच. मग १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी मागणीनुसार हवा सोडणारी झडप तयार केली, आणि पाणबुडा चालणारा न राहता पोहणारा झाला. इथून खरी पंचाईत सुरू होते. चालणाऱ्याला जडपणा चालतो. पोहणाऱ्याला मध्ये राहायचं असतं, ना वर ना खाली. आपल्या जाळ्यासारखं, उभं.

आणि त्याला थंडी वाजते. तुम्ही म्हणाल, मालवणला पाणी कोमट असतं, थंडी कसली? पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. अठ्ठावीस अंशांच्या हवेत आपण घाम पुसतो. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तासभर स्थिर राहिलात तर दात वाजायला लागतील. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला तर पाणी त्याहून कितीतरी गार. तिथले नौदलाचे पाणबुडे रबरी कपडे घालत आणि आत लोकरीचे कपडे, कल्पना अशी की आत पाणी शिरलं नाही तर ऊब राहील. कपडा फाटला की सगळंच संपलं.

ह्यू ब्रॅडनर हे बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ. युद्धकाळात लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले. त्यांनी प्रश्न उलटा केला. कोरडं राहायची गरजच काय? ऊब पाण्यामुळे जात नाही, पाणी आणि अंग यांच्यामध्ये काही अडसर नसल्यामुळे जाते. कापडात हवेचे बुडबुडे अडकवले तर अंग ओलं असलं तरी चालेल. विलर्ड बॅस्कम यांनी त्यांना सुचवलं की फेसाळलेलं निओप्रीन वापरून पाहा. निओप्रीन हे ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली निघालेलं कृत्रिम रबर. वेगळ्याच कामासाठी, तेलाने खराब न होणारं रबर हवं म्हणून केलेलं. त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे भरले की झाला पाणबुड्याचा सूट. ओला सूट. म्हणूनच त्याचं नाव वेटसूट.

ब्रॅडनर यांनी पेटंट घेतलं नाही. नौदलानेही सूट लगेच उचलून धरला नाही. त्यांना शंका होती की हे वायूचे बुडबुडे शत्रूच्या ध्वनियंत्रात उठून दिसतील. मग दुकानदार पुढे आले. सॅन फ्रान्सिस्कोचे जॅक ओ'नील, आणि दक्षिणेकडचे मेस्ट्रेल हे जुळे भाऊ, यांनी सर्फिंग करणाऱ्या पोरांसाठी सूट विकले, नाव कमावलं, आणि पुढे कित्येक वर्षं 'वेटसूटचा जनक' म्हणून यांचीच नावं लोकांच्या तोंडी राहिली. १९९८ मध्ये कॅरोलिन रेनी यांनी स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतली जुनी कागदपत्रं चाळली, आणि त्यांत ब्रॅडनर यांचं १९५१ सालचं पत्र पुढे आलं. त्या पत्रात कल्पना स्पष्ट मांडलेली होती. आमच्यासारख्या माणसाला हा भाग फार आवडतो, त्यामुळे जरा थांबलो. जाहिरातीला आवाज असतो, पत्राला नसतो. पण पत्रावर तारीख असते.

असो. सुटाकडे परत येऊ.

सुरुवातीचे सूट नुसत्या फेसाळ रबराचे. अंगावर चढवायचे म्हणजे आतून भरपूर टाल्कम पावडर मारायची, नाहीतर कातडीला चिकटून फाटायचे. मग आत-बाहेर नायलॉनचं अस्तर आलं. सूट टिकाऊ झाला, चढवायला सोपा झाला, पण ताठर झाला. हात वर करा, की सूट विरोध करतो. यावर तोड निघाली ती ताणल्या जाणाऱ्या धाग्याने, ज्याला आपण लायक्रा म्हणतो. तोही ड्यूपॉन्टचाच, १९५८ सालचा, जोसेफ शिव्हर्स यांचा. ताणणारं अस्तर, आणि त्याच्या आत अधिक मऊ, अधिक वायू भरलेला फेस, असा आजचा 'स्ट्रेच' सूट. आमच्या तरुण मित्राने घेतला तो हाच.

आता त्याच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर. अंगाचं क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर धरा. सूट तीन मिलिमीटर जाड. गुणाकार केला तर सहा लिटर. म्हणजे सहा लिटर पाणी बाजूला सारणारी वस्तू तुम्ही अंगावर घातली. सुटाचं स्वतःचं वजन दीड-दोन किलो वजा केलंत तरी चार किलोंच्या आसपास उचल उरते. हा ढोबळ हिशोब आहे, सूट अंगावर ताणला की थोडा पातळ होतो, आणि प्रत्येकाचं अंग निराळं. पण मुद्दा कळला. सुटात वायू जितका जास्त तितका तो मऊ, तितका ताणणारा, आणि तितकाच वर ओढणारा. जुना सूट शेकडो वेळा खाली जाऊन चेपलेला असतो, त्यातले बरेच बुडबुडे फुटून मेलेले असतात. तो पातळ असतो, कमी उबदार असतो, आणि कमी तरंगतो. म्हणून त्याला शिसं कमी लागत होतं. नव्याला जास्त लागणारच. इथवर चूक कुणाचीच नाही.

दुसरं अर्धं उत्तर अवघड आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये सांगून ठेवलंय, दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं. सुटातले बुडबुडेही चेपतात. रबर थोडा प्रतिकार करतं, तरी वर असलेल्या चार किलो उचलीतले दीड-दोन किलो दहा मीटरवर नाहीसे होतात. वीस मीटरवर आणखी. मऊ फेस जास्त चेपतो. म्हणजे ज्या सुटाने तुम्हाला वर धरून ठेवलं, तोच सूट खाली गेल्यावर हात सोडून देतो. शिसं मात्र चेपत नाही. ते पहिल्या मीटरला जेवढं, तेवढंच विसाव्या मीटरला. म्हणून तो पोरगा तळाला दगडासारखा बसला.

माशाची यात मोठी सोय आहे. घोळ माशाच्या पोटातलं भोत तुम्हाला सांगायला नको. २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरब्याच्या मच्छीमाराला घोळीचा मोठा थवा मिळाला आणि सव्वा कोटीच्या वर रक्कम आल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. ती किंमत मांसाची नव्हे, भोताची. माशाला स्वतःला मात्र भोत तरंगण्यासाठी असतं. आत वायू कमी-जास्त करून मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. माणसाने याची नक्कल केली ती बऱ्याच उशिरा. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये मॉरिस फेंझी यांचं गळ्यात घालायचं हवेचं जाकीट आलं, सत्तरच्या दशकात अंगरख्यासारखं घालायचं जाकीट आलं. बटण दाबलं की हवा आत, दोरी ओढली की बाहेर. सूट चेपला? जाकिटात थोडी हवा भरा. प्रश्न सुटला.

आमच्या मते इथेच प्रश्न सुटला नाही, झाकला गेला. जाकीट येण्यापूर्वीच्या पाणबुड्याला शिशाचा हिशोब चुकवून चालत नसे, त्याला तो किनाऱ्यावरच करावा लागे. जाकीट आल्यावर चूक भरून काढता येऊ लागली. चार किलो जास्त लावलं? काही हरकत नाही, चार लिटर हवा जास्त भरा. खाली सगळं ठीक दिसतं. पण ती चार लिटर हवाही वर येताना फुगते, आणि खाली जाताना चेपते, म्हणजे माणूस सतत बटणाशी झगडत राहतो, दम लागतो, टाकी लवकर संपते, पाय खाली लोंबतात आणि पंख प्रवाळावर आपटतात. आणि जाकिटाने ऐनवेळी दगा दिला तर? जगभर पाणबुड्यांच्या अपघातांचे तपास झाले त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते: माणूस सापडतो तेव्हा वजनाचा पट्टा कमरेलाच असतो. एका हाताने सुटावा म्हणून त्या पट्ट्याला बक्कल दिलेलं असतं. मन्नारच्या मोती काढणाऱ्याने दगड तळाशीच सोडला होता. आपण मात्र तो अंगाला बांधून घेतला, आणि सोडायचा असतो हे विसरलो.

आमची स्वतःचीही फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की हा म्हातारा नुसता पुस्तकातून बोलतो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी नातवाच्या नादाने आम्ही पाणबुडेगिरी शिकलो. उसन्या, चेपून चपाती झालेल्या सुटात सहा किलो शिशावर सगळं सुरळीत होतं, आणि तो आकडा आम्ही डायरीत ठळक लिहून ठेवला. मग हौसेने नवा ताणणारा सूट घेतला. आकडा तोच ठेवला. उतरताना थोडा जोर करावा लागला, पण उतरलो, कारण टाकी भरलेली होती. नेहमीच्या टाकीतली हवा अडीच किलोंच्या आसपास भरते, हे आम्ही वाचलं होतं आणि विसरलो होतो. चाळीस मिनिटांनी ती बरीचशी संपली, टाकी हलकी झाली, वर येताना सूट पुन्हा फुगला, आणि पाच मीटरवर जिथे तीन मिनिटं थांबायचं असतं तिथे आम्ही थांबलोच नाही. बुचासारखे वर. सुदैवाने खोल गेलो नव्हतो, श्वास रोखला नव्हता, इजा झाली नाही. सोबतचा प्रशिक्षक वर आल्यावर काही बोलला नाही, फक्त आमच्या पट्ट्याकडे बघत राहिला. चूक पूर्णपणे आमची. वस्तू बदलली होती आणि आम्ही डायरीवर विश्वास ठेवला.

तेव्हा मित्रा, आता कामाचं सांगतो, लिहून घे. सूट निवडताना जाडी पाण्याप्रमाणे बघायची, ताण अंगाप्रमाणे. कोकणच्या पाण्याला तीन मिलिमीटर बहुतेकांना पुरतो. ताणतो म्हणून एक माप लहान घ्यायचा मोह होतो, तो टाळावा. पाठीच्या खोलगट भागात, काखेत आणि गुडघ्यामागे पोकळी राहता कामा नये, कारण तिथे पाणी आत-बाहेर करतं आणि ऊब धुऊन नेतं. पण छाती भरून श्वास घेता आला पाहिजे, उकिडवं बसता आलं पाहिजे. आणि गळा! गळ्याशी फार घट्ट असेल तर मानेतल्या नाडीवर दाब येऊन हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येते. दुकानात दोन मिनिटं घालून चालत नाही, दहा मिनिटं घालून बसावं, दुकानदार काय म्हणेल याची फिकीर करू नये. चढवताना पायात प्लास्टिकची पिशवी घातली की सूट सरकतो. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. जाळ्यासारखा उन्हात टाकायचा नाही.

शिसं ठरवायचं ते समुद्रात, तलावात नाही. खारं पाणी अडीच टक्के जड असतं. ऐंशी लिटरचा माणूस तलावातून समुद्रात आला की त्याला साधारण दोन किलो जास्त लागतात. आणि ठरवायचं ते बुडीच्या शेवटी, टाकीत पन्नास बारच्या आसपास हवा उरली असताना. पूर्ण साज अंगावर, जाकीट पूर्ण रिकामं, सरळ उभं राहायचं, नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर धरायचा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला लागलं पाहिजे. धाडकन बुडलास तर शिसं जास्त आहे, एक काढ. श्वास सोडूनही तरंगलास तर अर्धा-अर्धा किलो वाढव. भरलेल्या टाकीने तपासलंस तर शेवटी दोन किलो जादा लागतील हे धरून चाल. म्हणजे तू दोन किलो वाढवलेस ते कदाचित बरोबरच असतील. तळाशी बसलास तो सूट चेपल्यामुळे, आणि त्यासाठीच जाकीट आहे. थोडी हवा, थोडथोडी, उतरता उतरताच. तळाला टेकल्यावर नव्हे. फक्त एक बघ, ते दोन किलो तू घाबरून लावलेस की मोजून लावलेस. वर्षभराने सूट दमला की पुन्हा मोज.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्यापैकी मच्छीमारीत असलेल्यांसाठी. दक्षिण कोरियात जेजू बेटावर बायका श्वास रोखून समुद्रातून शिंपले-शेवाळ काढतात, हेन्यो म्हणतात त्यांना. युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांच्या परंपरेला मान दिला. पूर्वी त्या सुती कपड्यात उतरत. थंडीने कुडकुडल्या की बाहेर येऊन शेकोटीपाशी बसत, पुन्हा जात. १९७० च्या दशकात त्यांच्यात निओप्रीनचे सूट आले. थंडी गेली. त्याबरोबर शिशाचा पट्टा आला, कारण सूट तरंगतो. आणि थंडी नाही म्हटल्यावर पाण्यातले तास वाढले, कितीतरी वाढले. कंबरदुखी आली, आणि समुद्रातला माल लवकर उपसला जाऊ लागला. जपानमधल्या काही गावांनी तर आपल्या पाणबुड्या बायकांच्या सूट वापरण्यावर बंधनं घातली, शिंपले उरावेत म्हणून. थंडी ही तिथे आपोआप लागणारी बंदी होती, ती सुटाने उठवली. आपल्याकडे नायलॉन आणि इंजिन आलं तेव्हा काय उठलं आणि काय उपसलं गेलं, ते इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, आम्ही नव्हे, त्यांनी द्यावं.

वेळ झाली, पण मघाशी त्या तांडेलांनी चिठ्ठी पाठवली आहे, तिचं उत्तर देऊन थांबतो. त्यांनी विचारलंय: होडीच्या पंख्यात दोर अडकला की आम्ही चाकू घेऊन उघड्या अंगाने खाली जातो, शिंपल्यांनी अंग सोलवटतं, पोराचा हा सूट घातला तर चालेल का?

काका, तो नको. तो सूट शिशाशिवाय घातलात तर तुम्हाला वर होडीच्या बुडाला दाबून धरेल आणि हात पंख्यापर्यंत पोहोचणार नाही. शिसं लावून घातलात तर या गढूळ पाण्यात दोर गुंतल्यावर पट्टा कुठे आहे हे चाचपण्यात श्वास जाईल. त्यापेक्षा पोहणारी मुलं घालतात तो पातळ, पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदरा घ्या. त्यात वायू नसतो, तो तरंगवत नाही, कातडी मात्र वाचवतो. हातमोजे घ्या. इंजिन बंद करून चावी स्वतःच्या कनवटीला लावून उतरा, कमरेला दोर बांधून त्याचं टोक वरच्या माणसाच्या हातात द्या, आणि जमलं तर पाणी ओढीचं नसताना, भरती-ओहोटीच्या मधल्या थांब्याला जा. शिसं होडीतच राहू द्या.